अर्धीबाई आणि कापलेली इस्त्री

…तर काल आपण इस्त्रीवाला उभा राहिला तिथपर्यंत आलो होतो. एरवी हा गडी मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसायचा आणि बाईंनी प्रश्न विचारला की छताकडे बघायचा, जणू उत्तर पंख्याला टांगून ठेवलंय. त्या संध्याकाळी मात्र दोन्ही काखांत एकेक जड पुडकं घेऊन तो थेट फळ्यापाशी गेला. टेबलावर पुडकी ठेवली, फडकी सोडली. आत इस्त्री. म्हणजे एका फडक्यात इस्त्रीचं टोक आणि निम्मी मूठ, दुसऱ्या फडक्यात उरलेली निम्मी मूठ आणि बूड. मधला कोळशाचा कप्पा दोन्हीकडून उघडा, कापलेल्या पपईसारखा. आणि छाती काढून हा बाबा आयुष्यातलं पहिलं बिनचूक इंग्रजी बोलला :

"यस्टर्डे आय हॅड ॲन आयर्न. टुडे आय हॅव ओन्ली आयर्न."

वर्गाने टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती बाईंनी. आणि सगळ्यांत आधी थांबल्या त्याही बाईच, कारण त्यांच्या तेवढ्यात ध्यानात आलं, की या माणसाचं घर ज्या इस्त्रीवर चालतं ती हीच.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. शाळा सुटून पोरं घरी गेली की शाळेच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. खोली कसली, जुने नकाशे आणि मोडके बाक ठेवायची अडगळच ती. दाराला आतून कडी नाही, त्यामुळे वारा आला की दार असं आपटायचं की समोरच्या ओट्यापलीकडे बसलेल्या हेडसरांच्या हातातला चहा हिंदकळायचा. शिकायला येणारे सगळे दिवसभर राबून आलेले. इस्त्रीवाला, त्याच्या शेजारच्या गाळ्यातला वेल्डर, सलूनवाला, दवाखान्यात काम करणाऱ्या दोघी बहिणी, आणखी असेच. शिकवायला अर्धीबाई.

अर्धीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. अंगापिंडाने चांगली दीड बाई, आवाज दोन बायांचा, तरी नाव पडलं अर्धीबाई. का, तर हाती लागेल ते अर्धं करायची खोड.

ही खोड आली वडिलांच्या काचेच्या दुकानातून. दुकानात शिरलं की डाव्या हाताला फळ्यांवर ग्लास, बरण्या, दिव्याच्या चिमण्या. हा माल नगावर विकायचा. उजव्या हाताला भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचेच्या मोठमोठ्या पाट्या. हा माल मापावर. पाच-सहा वर्षांची असताना बाईंच्या हातून एक ग्लास पडला. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून पोरीने डोळे घट्ट मिटले. वडिलांनी केरसुणी घेतली, तुकडे गोळा केले आणि उजवीकडच्या तुकड्यांच्या खोक्यात टाकले. म्हणाले, "हं, हा आता उजवीकडचा झाला." एवढंच. पण पोरीच्या डोक्यात ते रुतून बसलं. वस्तू फुटली की डाव्या बाजूची उजव्या बाजूला जाते.

पुढे त्याच वडिलांनी तिच्या हातात हिरकणी दिली. हिरकणी म्हणजे दांडीच्या टोकाला बसवलेला हिऱ्याचा कण, काच कापायचं हत्यार. वडील सांगायचे, काच कुणी कापत नसतं गं, आपण फक्त रेघ ओढायची. रेघ नीट पडली की काच आपली आपण दुभंगते. बाई इंग्रजी शिकल्या, परीक्षा दिल्या, लग्न केलं, संसार केला, पण ती हिरकणी पर्समधून कधी हलली नाही. कंगवा विसरतील, हिरकणी नाही.

आता इंग्रजीत एक मोठीच पंचाईत आहे. आपण लोखंडाला लोखंड म्हणतो आणि इस्त्रीला इस्त्री. इंग्रज दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो, आयर्न. काच म्हणजेही ग्लास, पाणी प्यायचा तोही ग्लास. एकच शब्द सकाळी नगावर विकायचा आणि संध्याकाळी मापावर. नग असला तर पुढे 'ए' किंवा 'ॲन' लावायचा, माप असलं तर लावायचा नाही. पुस्तकात याचे नियम दिले होते, नियमांचे अपवाद, अपवादांचे पोटअपवाद. बाईंच्या आधीचे मास्तर हा धडा घ्यायचे आणि दर वर्षी या धड्याला अर्धा वर्ग गळायचा. घाटातल्या एखाद्या वळणावर गाडी लागावी तशी माणसं इथेच उतरून जायची, परत चढायची नाहीत.

बाईंनी पुस्तक मिटलं आणि टेबलावर एक काचेचा तुकडा ठेवला. हिरकणीने रेघ ओढली, टेबलाच्या कडेवर कट् केलं. दोन तुकडे झाले. दोन्ही हातांत धरून विचारलं, हे काय? काच. आणि हे? तेही काचच. मग पाणी प्यायचा ग्लास घेतला, फडक्यात गुंडाळला, वर बत्त्याचा एक ठोका. फडकं उघडून विचारलं, यातून कोण पाणी पिणार? सगळे हसले. मग बाई म्हणाल्या, ध्यानात ठेवा, अर्धं करून बघायचं. अर्ध्यालाही तेच नाव लागलं तर तो मापायचा माल. अर्धं केल्यावर निकामी झालं तर ती मोजायची वस्तू. 'ए' तिच्यावर बसलेला असतो, वस्तू फुटली की पाखरासारखा उडून जातो. वर्तमानपत्र फाडलं, 'ए पेपर' गेला, पेपर उरला. अख्खा केक कापला, 'ए केक' गेला, केक उरला. कोंबडीचं उदाहरण मात्र बाई तोंडीच द्यायच्या, तेवढं तारतम्य त्यांना होतं.

त्या वर्षापासून या धड्याला एकही माणूस गळला नाही. उलट एकदा ऐकून गेलेले बायकापुरुष हा धडा ऐकवायला शेजारपाजारच्यांना घेऊन यायचे.

तर अशात बाईंनी सांगितलं, उद्या घरून एकेक वस्तू अर्धी करून आणा. कुणी अर्धी मेणबत्ती आणली, कुणी अर्धी वीट. दवाखान्यातल्या बहिणींनी एकच दोरी आणली आणि हे माझं अर्धं, हे तुझं अर्धं असं वाटून घेतलं. इस्त्रीवाल्याच्या घरी लोकांचे कपडे. ते फाडायची सोय नाही. समोर बघतो तर इस्त्री. शेजारच्या गाळ्यात वेल्डर, त्याच्याकडे लोखंड कापायची घरघरती चकती. दोघंही एकाच बाकावर बसणारे, एकालाही वाटलं नाही की थांबावं. बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर वेल्डरने चष्मा चढवला आणि ठिणग्यांचा पाऊस पाडला. मी तर म्हणतो, जगात एवढे लोक इंग्रजी शिकतात, पण अशी चूक करायला शेजारी वेल्डर लागतो.

त्या टाळ्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीवाल्याची बायको, जिला सगळा वर्ग वहिनी म्हणायचा, ती दोन्ही तुकडे पिशवीत घालून शाळेत आली आणि हेडसरांच्या टेबलावर धाडकन ठेवले. हेडसर उठून उभेच राहिले. वहिनींनी आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट. त्या म्हणाल्या, "साहेब, इस्त्री अर्धी करायला तुमच्या शाळेत शिकवतात. आता पोट अर्धं कसं करायचं तेही शिकवा, म्हणजे आम्ही मोकळे."

हेडसर माणूस वाईट नव्हता. पण शाळेत अपघात नको, तक्रार नको, आणि दार आपटायला नको, या तीन गोष्टींवर त्याचा जीव. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी काही लपवलं नाही, चूक स्वतःकडे घेतली. इस्त्रीवाल्याला तोवर आपल्या घरची विजेची इस्त्री त्या देऊन आल्या होत्या. तो म्हणाला, बाई, हे खेळणं झालं, याने रुमाल होतील, जाड पडदे नाही होणार. वेल्डर मात्र दोन दिवस भंगाराची दुकानं पालथी घालत फिरला आणि एक जुनी दणकट कोळशाची इस्त्री शोधून, तिचं तुटलेलं बिजागर जोडून देऊन आला. तेव्हा धंदा सुरू झाला. पण हेडसरांचं मन काही थाऱ्यावर येईना. आज इस्त्री, उद्या कुणी शिलाई मशीन कापलं तर? बाई, मला ती खोली सामानाला हवीच आहे, असं म्हणून त्यांनी अट घातली. येत्या शनिवारी हाच धडा पुन्हा घ्या, मी मागे बसतो. वर्गात काही तोडायचं नाही, फाडायचं नाही, फोडायचं नाही. तरी लोकांना समजलं तर वर्ग चालू. नाहीतर जाताना चावी टेबलावर ठेवा. आणि वहिनींची तक्रार होती म्हणून त्यांनाही त्या दिवशी येऊन बसायला सांगितलं.

बाई घरी आल्या. त्यांचे यजमान पाण्याचा टँकर चालवायचे, बोलायला गोड आणि टोचायला पटाईत. सगळं ऐकून म्हणाले, काही न तोडता शिकवणार, आणि तू? मांजराला दुधाची राखण दिली म्हणायची. बाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली, ती मुद्दाम अख्खी, न मोडता. पण आतून त्यांना लागलं होतं. दिवसभर त्या वडिलांच्या, आता भावाच्या झालेल्या, दुकानात गल्ल्यावर बसायच्या. डोक्याचे केस पिकायला लागले तरी गिऱ्हाईक विचारायचं, काचवाल्याची पोरगी तू ना? भावाची त्या ताई, पोरांची आई, सासरची सून. बाई म्हणून हाक मारणारी एकच खोली होती सगळ्या जगात, आणि तिच्या दाराला कडीसुद्धा नव्हती.

शनिवार आला. हेडसर मागच्या बाकावर बसले, इस्त्रीवाल्याच्या नेहमीच्या जागी. वहिनी दाराजवळ, पदर खोचून, हाताची घडी. इस्त्रीवाला पहिल्या बाकावर, मान खाली. टेबल रिकामं. बाईंचे हात कुठे ठेवावेत ते बाईंना कळेना. काही कापायचं नाही म्हटल्यावर एवढे मोठे हात नुसते लोंबायला लागतात. त्यांनी पर्स उघडली, हिरकणी काढली आणि जाऊन हेडसरांच्या हातात दिली. म्हणाल्या, ही तुमच्याकडे जामीन.

मग वर्गाला सांगितलं, डोळे मिटा, आज मनात तोडायचं. एकेक वस्तूचं नाव घ्यायच्या, सगळ्यांनी मनात दोन तुकडे करायचे आणि सांगायचं, नाव राहिलं की गेलं. दगड. बाटली. खडू. बघता बघता वर्ग रंगला. वेल्डर तर डोळे मिटल्या मिटल्या तोंडाने चकतीचा आवाज काढायला लागला. बाईंचे हात सापडले, आवाज सापडला. हेडसरसुद्धा एका वस्तूला मान हलवून गेले. जमलं म्हणायचं, असं बाईंच्या मनात आलं, आणि तेवढ्यात सलूनवाल्याने हात वर केला.

सलूनवाला बोलायचा कमी, पण बोलला की वस्तऱ्यासारखं. तो म्हणाला, "बाई, मी मनात नाही, रोज खरंच कापतो. एक केस मधोमध कापला तर काय होतं? दोन केस होतात. एकही निकामी होत नाही. म्हणजे तुमच्या नियमाने तो मापायचा माल, त्याला 'ए' लागायला नको. पण परवा एक परदेशी गिऱ्हाईक मला म्हणालं, देअर इज ए हेअर ऑन माय कॉलर. आता चुकलं कोण? तो का तुम्ही?"

वर्गातल्या सगळ्यांचे डोळे उघडले. वाऱ्याने दार एकदा आपटलं. हेडसर पुढे सरकून बसले. इस्त्रीवाल्याने मान वर केली आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा पडला. इस्त्री गेली तेव्हाही इतका पडला नव्हता. इस्त्री गेली ती या नियमासाठी, आणि आता नियमच खोटा निघतो की काय.

बाईंना वडील आठवले. कधी कधी काचेत बुडबुडा असतो, रेघ तिथे भरकटते. तेव्हा नवखा माणूस काचेवर चिडतो. वडील नुसती काच फिरवून दुसरीकडून बघायचे. बाई फळ्याजवळून निघाल्या आणि सलूनवाल्याच्या बाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तो बरोबर. माझी हिरकणी केसावर चालत नाही. आता तुमच्या दुकानात जाऊ."

आणि त्यांनी त्यालाच विचारायला घेतलं. संध्याकाळी दुकान झाडता तेव्हा फरशीवर काय असतं? केस. किती? तो हसला. कोण मोजतंय बाई, सुपलीने उचलायचे नि टोपलीत टाकायचे. बरं, गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, त्याच्या डोक्यावर किती? तेही कोण मोजतंय, दाट आहेत का विरळ एवढंच बघायचं. मग कधी मोजता? सलूनवाल्याने दाढी खाजवली. मग हळूहळू म्हणाला, कॉलरवर राहिला तर. गिऱ्हाईक लग्नाला निघालेलं असतं, पांढरा शर्ट असतो, तेव्हा एक जरी राहिला तरी मी फुंकर मारून, ब्रश फिरवून तोच शोधत बसतो. तेव्हा तो एक असतो.

बाई म्हणाल्या, झालं तर. डोक्यावर आहे तोवर कुणी मोजत नाही, जेवणात आला की एकच पुरतो. केस तोच. तोडून बघणं ही एक युक्ती झाली, पण खरी गोष्ट ही, की तुम्ही वस्तूकडे ढीग म्हणून बघता का एकेकटी म्हणून.

सलूनवाला खाली बसला, पण बसता बसता स्वतःशीच पुटपुटला, ए हेअर, हेअर, ए हेअर. जसं वस्तरा पट्ट्यावर फिरवावा, या बाजूने, त्या बाजूने.

आणि मग दाराजवळून आवाज आला. वहिनींचा. हाताची घडी तशीच, पण कपाळावरची आठी सैल. त्या म्हणाल्या, मी काही शिकलेली नाही, विचारलं तर चालेल का? बाई म्हणाल्या, विचारा. तर वहिनी म्हणतात, "हे तर आमच्याकडे रोज चालतं. पडदा दुरुस्त करा म्हटलं की हे म्हणतात, वेळ नाही. मी म्हणते, दहा वेळा सांगितलं. त्यांचा वेळ कधी मोजता येत नाही, आणि माझ्या वेळा सगळ्या मोजलेल्या असतात. इंग्रजाच्या घरीही असंच असतं का?"

आधी इस्त्रीवालाच हसला. मग वर्गच फुटला म्हणा, फोडायची बंदी असून. वेल्डरने बाकावर थाप मारली, बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, टाइम, आणि खाली, टेन टाइम्स. म्हणाल्या, वहिनी, अगदी हेच. इतकी वर्षं मी शिकवते, यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. कारण वेळ तर कुठल्याच हत्याराने कापता येत नाही. वहिनींनी पदर सारखा केला आणि कुणी न सांगता दाराजवळून उठून दुसऱ्या बाकावर, बहिणींच्या शेजारी जाऊन बसल्या. इस्त्रीवाल्याने वळून बघितलं. त्या म्हणाल्या, पुढे बघा, धडा चालू आहे.

वर्ग सुटला. लोक जायला निघाले तरी ओट्यावर उभे राहून एकमेकांना शब्द घालत होते, लाइट, रूम, स्टोन, ज्याला जो सुचेल तो, आणि ढीग का एकटा म्हणून हुज्जत चालली होती. हेडसर फळ्यापाशी आले. हिरकणी त्यांनी इतका वेळ बोटांत फिरवत ठेवली होती, ती बाईंच्या तळहातावर ठेवली. बाईंनी दुसऱ्या हाताने खिळ्यावरची खोलीची चावी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. अट ती अट, निकाल त्यांनी द्यायचा.

हेडसरांनी चावीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. चावी राहू द्या, म्हणाले. तेवढ्यात वाऱ्याने दार पुन्हा दाणकन आपटलं आणि ते दचकले. कपाळाला हात लावून म्हणाले, बाई, सगळं मान्य, पण ते इस्त्रीचे दोन तुकडे अजून माझ्या टेबलावर पडलेत. जोडायला सांगितलं तर वेल्डर म्हणतो, ओतीव लोखंड आहे, मोडलं ते मोडलंच. त्या मोडक्या इस्त्रीचं आता मी करू तरी काय?

बाईंनी चावी पदराच्या टोकाला बांधली, गाठ मारली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाल्या :

"सर, इस्त्री म्हणून बघाल तर टाकून द्या. लोखंड म्हणून बघाल तर सोमवारी वर्गाला येताना घेऊन या. एक तुकडा या दाराला टेकू म्हणून लावू, एक तुमच्या."